पोटातला बाठा दिसला कसा

मे महिन्यातला रविवार होता. सासूबाईंनी घोटांचं सासव, म्हणजे छोट्या रायवळ आंब्यांचं मोहरी-नारळाचं कालवण, केलं होतं. चोखलेले बाठे परसातल्या उघड्या बादलीत पडले आणि सोमवारी रात्री शेरू ओकायला लागला. आमचा शेरू गावठी, 14 किलोचा. मंगळवारी पहाटे प्यायलेलं पाणीही त्याच्या पोटात ठरेना. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून तो अंगणात उभा होता. ते बघितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण तीन वर्षांपूर्वी अशाच दुखण्यात आमची मांजर मनी गेली.

मनीचं सांगायलाच हवं. आम्ही गोव्यातल्या म्हार्दोळचे, त्यामुळे घरात जायांची फुलं आणि ती माळायला दोरा नेहमीचाच. मनी ओकायला लागली तेव्हा एका दवाखान्यात तिला एका कुशीवर निजवून एकच एक्स-रे काढला. "काही दिसत नाही, पित्त झालंय," असं सांगून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून जीभ उचलली, तर जिभेच्या मुळाशी दोरा अडकलेला. पुढचा दोरा आतड्यात गेला होता, आणि चुणीदार परकराच्या नाडीवर कापड गोळा होतं तसं आतडं त्यावर गोळा होऊन चिरलं होतं. दोरा एक्स-रेत दिसत नाही, गोळा झालेलं आतडं दिसू शकतं. पण ते कुणी शोधलंच नाही. (असा दोरा दिसला तर कधीही ओढू नका. आतडं कापलं जातं.)

त्यामुळे शेरूला फोंड्याला नेलं तेव्हा मुलगा दारातूनच म्हणाला, "डॉक्टर, डायरेक्ट सोनोग्राफीच करूया." डॉक्टरांनी आधी जीभ उचलून बघितली. मग हिरड्या दाबल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, दोन्ही हातांनी सावकाश पोट चाचपलं आणि सलाईन लावलं. शरीरातलं पाणी संपत आलेल्या कुत्र्याला नुसता फोटोसाठी इकडून तिकडे नाचवायचा नाही, असं ते म्हणाले. हे मला फार पटलं.

"बाठे किती होते?" त्यांनी विचारलं. आम्हां तिघांपैकी एकालाही सांगता येईना.

पहिला एक्स-रेच का, ते त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. पोटाला पीळ पडलाय का, आतडं फुटून वारा बाहेर आलाय का, हाड, नाणं, सुई असं काही आहे का, हे एक्स-रे पटकन सांगतो. आतड्यात वारा भरलेला असेल तर सोनोग्राफीला त्याच्या पलीकडचं दिसत नाही, एक्स-रेला मात्र तोच वारा वाट दाखवतो. म्हणून तीन फोटो घ्यायचे: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर. उजव्या कुशीवर पोटाचा पीळ सगळ्यात चांगला ओळखू येतो. डाव्या कुशीवर वळवलं की वारा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी सरकतो आणि तिथे अडकलेलं काही असलं तर त्याची कड उमटते. मनीला एकाच कुशीवर निजवलं होतं, त्यात काय चुकलं ते त्या क्षणी मला कळलं.

बाठा काही दिसला नाही. लाकूड, कापड, पातळ रबर यांची सावली आतड्यातल्या पाण्याच्या सावलीत मिसळून जाते. पण डॉक्टरांनी पडद्यावर कमरेच्या पाचव्या मणक्याची उंची मोजली आणि शेजारच्या फुगलेल्या आतड्याची रुंदी मोजली. आतडं मणक्याच्या 1.6 पटीपेक्षा जास्त फुगलं तर अडथळ्याचा संशय घ्यायचा, दुपटीच्या पुढे गेलं तर संशय पक्का होत जातो. शेरूचं 1.9 भरलं. म्हणजे घरी पाठवता येत नाही, आणि पोट उघडण्याइतकी खात्रीही नाही.

मी बेरियम पाजून एक्स-रे काढायचं विचारलं. ते नको म्हणाले: ओकणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात जाऊ शकतं, आतडं फुटलेलं असेल तर पोटात सांडून भयंकर दाह होतो, आणि नंतर सोनोग्राफीही धड होत नाही. मुलाने सीटी स्कॅनचं काढलं. "जड अंगाचा कुत्रा असता किंवा सोनोग्राफीतही घोळ राहिला असता तर विचार केला असता," डॉक्टर म्हणाले. "त्याला भूल द्यावी लागते, शिवाय लांब न्यायचं. आत्ता आपल्याला एवढंच हवंय: अडकलंय की नाही, आणि कुठे."

सलाईनची बाटली हातात उंच धरून मी गाडीत मागे बसले. म्हार्दोळला घरावरून गेलो, बाणस्तारीचा पूल ओलांडला, जुनं गोवं मागे टाकून सोनोग्राफीसाठी पणजी गाठली. तिथे बाकावर एक आजोबा मांजरीला घेऊन बसले होते. तिने मासळीबरोबर गरी (मासे पकडायचा गळ) गिळलेली. एक्स-रेत लख्ख दिसलेली, त्यांना सोनोग्राफीची गरजच नव्हती, शस्त्रक्रियेची वेळ घ्यायला आले होते. पलीकडे नसबंदीचं ऑपरेशन न झालेली आठ वर्षांची लॅब्राडोर, खूप पाणी पिणारी आणि पोट सुटलेली. तिच्या गर्भाशयात पू झाल्याचा संशय, म्हणून तिची आधी सोनोग्राफीच.

शेरूच्या पोटावरचे केस काढून जेल लावलं. तो हलला नाही, फक्त माझा हात चाटत राहिला. पडद्यावर एक पांढरी कमान आली आणि तिच्याखाली काळीभोर सावली. "हा तुमचा बाठा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कमानीच्या अलीकडे पाण्याने टम्म फुगलेलं आतडं, आत पाणी पुढे-मागे हिंदकळतंय पण पुढे सरकत नाही. पलीकडचं आतडं रिकामं, चपटं. आतड्याबाहेर बारीकशी काळी त्रिकोणी फट दिसली, तिथे पाणी साचायला लागलं होतं. "आजच करा. उद्यावर ढकलू नका."

संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा रंग अजून गुलाबी होता, त्यामुळे तुकडा कापावा लागला नाही; चीर देऊन बाठा काढला आणि शिवलं. बाठ्यावरचे गराचे धागे अजून तसेच चिकटलेले होते. तिसऱ्या दिवशी शेरू घरी आला आणि बाराव्या दिवशी टाके निघाले.

पुढच्या रविवारी पुन्हा सासव झालं. जेवणं आटोपल्यावर सासूबाई ताटं गोळा करत फिरल्या. घोटां अकरा घातली होती. अकरा बाठे मोजून त्यांनी झाकणाच्या डब्यात टाकले आणि डबा फळीवर ठेवला.