वाट सहा मीटर मागे

समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या एका लांब पल्ल्याच्या पायवाटेची देखभाल करणारी आमची संस्था. तिच्या मंडळावर मी चार वर्षं खजिनदार आहे. हे ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग तू अख्खी वाट चालली असशील?’ नाही. दोन तृतीयांश झाली असेल, तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि त्यातली निम्मी कुणाचं तरी बिल खरं आहे का ते बघायला.

आधीच्या खजिनदारांची मुदत संपली होती आणि मला ताळेबंद वाचता येतो ही बातमी फुटली. ‘वर्षाला सहा सभा, बाकी काही नाही’ असं सांगून मला गळाला लावलं. सहा सभा हे खरं. बाकी काही नाही, ही शुद्ध थाप.

पहिल्याच सभेत पाऊण तास एका बाकड्यावर गेला. किनाऱ्याच्या वाटेला बाकड्यांची देणगी फार येते. कुणाचे वडील तिथे बसून समुद्र बघायचे, ते गेल्यावर मुलं त्यांच्या नावाचं बाकडं देतात. भावना कळते. पण तो पैसा बाकड्याचाच. त्यातून शेजारचा तुंबलेला चर उपसला तर लेखापरीक्षक माझा कान धरतील. आणि वाट मोडते ती चरामुळे. उतारावरचं पाणी बाजूला काढून देणारा हा दगडी चर जेमतेम वीतभर रुंद असतो. तो पाचोळ्यानं भरला की पाणी वाटेवरूनच धावतं, घोटाभर खोल घळ पडते. मग लोक घळ चुकवून गवतावरून चालायला लागतात, गवत मरतं, तिथेही घळ. चराला आईवडिलांचं नाव द्यायला आजवर कुणी आलेलं नाही.

तरी चराचं दुखणं फावड्यानं बरं होतं. कड्याचं होत नाही.

अशा वाटा इतक्या टोकावरून का जातात, हे मला मंडळावर आल्यावर कळलं. फ्रान्समधल्या ब्रिटनीची वाट मुळात जकात शिपायांच्या गस्तीची, दक्षिण-पश्चिम इंग्लंडची १,०१४ किलोमीटरची वाटही बरीचशी किनारा रक्षकांच्या पायाखालची. चोरटा माल उतरवणारी होडी पकडायची तर प्रत्येक खाचेत डोकावून बघायला हवं, म्हणून वाट कडा सोडत नाही. शिपाई गेले, चोरटा माल गेला, आम्ही मात्र त्यांच्याच रेघेवरून चालतोय. आणि कडा दरवर्षी थोडा थोडा खाली समुद्रात जातोय.

मागच्या वर्षी स्वयंसेवकांच्या प्रमुखाने मला एक फोटो पाठवला. खाली एक ओळही नाही. वाटेच्या खुणेचा खांब, त्याच्या बुडाचा काँक्रीटचा गोळा अर्धा हवेत, आणि बाण अजून इमानदारीत पुढची दिशा दाखवतोय. आम्ही तो तुकडा त्याच दिवशी बंद केला. वाट सहा मीटर आत घेतली की झालं, असं मला वाटलं. पण जमीनमालकाने दिलेली वहिवाटीची परवानगी ज्या रेघेवर होती, ती नकाशातली रेघ आता हवेत होती. सहा मीटर आत आमचा काहीच हक्क नव्हता. हक्क नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे स्वयंसेवकाच्या हातात झुडपं कापायची कात्रीसुद्धा देता येत नाही.

इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्याने यावर तोड काढली आहे. कडा ढासळला तर वाट आत सरकेल, अशी तरतूद आधीच करून ठेवता येते. आमच्यामागे असा कायदा नाही. आमच्यामागे अध्यक्ष आहेत, आणि ते नेमके आजारी. त्यामुळे जमीनमालक बाईंकडे मला जावं लागलं.

मी मोबदल्याचे आकडे घोकून गेले होते. बाईंनी फाईलकडे बघितलंही नाही. मला थेट शेताच्या फाटकाशी नेलं आणि ते उघडून सोडून दिलं. फाटक तसंच सताड उघडं राहिलं.

‘तुमची माणसं समुद्र बघत बघत जातात,’ त्या म्हणाल्या, ‘आणि माझ्या मेंढ्या मी रात्री शोधत फिरते.’

‘आपोआप लागणारं फाटक बसवून देतो.’

‘हे मला आधीच्या दोघांनीही सांगितलंय.’

मी त्यांच्यासमोर उभं राहूनच फोनवरून फाटकाची ऑर्डर दिली. मंडळाच्या ठरावाशिवाय. त्यावरून पुढच्या सभेत मला बोलणी बसली, आणि खरं सांगायचं तर ती बरोबरच होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर सगळ्यात आधी मीच उठले असते. पण फाटक लागलं आणि बाईंची सहीही झाली. करारात आता ठराविक रेघ नाही. ‘कड्यापासून सहा मीटर, कडा ज्या वेळी जिथे असेल तिथून’ असं आहे. एवढ्या शब्दांसाठी वकिलांनी तीन महिने घेतले.

त्या तुकड्यावर एक बाकडंही होतं, तेच ते पाऊण तासवालं. तेही सहा मीटर मागे नेलं. पंधरा दिवसांत देणगीदारांच्या मुलीचा फोन आला, ‘तिथून समुद्र दिसतो ना?’

मी जाऊन बसून बघितलं. उभं राहिलं की दिसतो. बसलं की मधे काटेरी झुडूप येतं. झुडूप बाईंच्या हद्दीत आहे, आणि त्यात पाखरांनी घरटं केलंय म्हणून पिल्लं उडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलंय. पुढच्या सभेला सातवा विषय तो आहे.