जुन्या शिडाच्या बोटीची गॅली नव्याने बांधताना

वेस्टर्ली सेंटॉर ही २६ फुटी शिडाची बोट १९६९ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बांधली गेली आणि अशा दोन हजारांहून अधिक बोटी पाण्यात उतरल्या. तळाला एकाऐवजी दोन कील, म्हणजे खाली उतरणारे जड पंख, असल्यामुळे ओहोटीच्या वेळी ती चिखलात सरळ उभी राहते; म्हणूनच दक्षिण इंग्लंडच्या उथळ खाड्यांत ती आजही पुष्कळ दिसते. चिचेस्टरच्या खाडीत असणारी आमची बोट त्यांपैकीच एक. तिचे फायबरग्लासचे अंग अजून ठणठणीत आहे. थकले होते ते आतले प्लायवूड, आणि सर्वांत वाईट अवस्था होती गॅलीची, म्हणजे बोटीतल्या स्वयंपाकघराची. हिवाळ्यात बोट किनाऱ्यावर काढल्यावर गॅली पूर्ण उकलून नव्याने बांधायला घेतली. प्रत्येक निर्णयापूर्वी मी एकच गोष्ट तपासत होतो: बोट वीस अंशांनी कललेली असताना आणि लाटांवर आदळत असताना ही वस्तू कशी वागेल?

सुरुवात गॅसपासून केली, कारण बाकी सगळे नंतर सुधारता येते, हे नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो गळला तर दाराच्या फटीतून बाहेर जाण्याची काही तरी शक्यता असते. बोटीचा तळ मात्र सर्व बाजूंनी बंद असतो, आणि गळलेला गॅस पाण्यासारखा खाली उतरून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, साचून राहतो. तेथे एखाद्या विद्युत पंपाची ठिणगीसुद्धा स्फोटाला पुरेशी ठरते. म्हणून सिलिंडरसाठी कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, वेगळी पेटी केली, जिचा केबिनशी काहीही संबंध नाही आणि जिच्या तळातून निघालेली नळी पाण्याच्या पातळीच्या वर, थेट बोटीबाहेर उघडते. पेटीपासून शेगडीपर्यंत तांब्याची एकसंध नळी आहे, मध्ये कोठेही सांधा नाही. शेवटचा छोटा तुकडा तेवढा लवचिक रबराचा, ज्यावर छापलेली तारीख पाहून तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. हे काम बोटींवरील गॅसची पात्रता असलेल्या नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून करून घेतले. बोटीवर सुतारकाम स्वतः करण्यात मोठा आनंद आहे, परंतु गॅसच्या बाबतीत तो आनंद बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅसचा अलार्म तळाशी बसवला. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेइतकाच हलका असल्यामुळे त्याचा अलार्म श्वासाच्या उंचीवर लावला.

जुनी शेगडी कोणीतरी फळीला स्क्रूने घट्ट बसवलेली होती, म्हणजे बोट कलली की भांडेही कलणार. नवी शेगडी दोन खुंट्यांवर झुलती टांगलेली आहे आणि तिचा आस बोटीच्या लांबीला समांतर आहे, त्यामुळे बोट कोणत्याही कुशीवर गेली तरी शेगडीचा माथा सपाट राहतो. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी झडप प्रत्येक बर्नरला आहे. शेगडी मोकळी झुलावी म्हणून मागे-पुढे जागा सोडावी लागली आणि त्यासाठी एक खण सोडून द्यावा लागला. शेगडीपुढे स्टीलचा आडवा दांडा आहे, तोल गेलेला माणूस ज्योतीवर पडू नये म्हणून. तो आरपार बोल्टने घट्ट केला आहे, कारण पूर्ण वाढलेल्या माणसाचे वजन एका धक्क्यात त्यावर येऊ शकते. स्वयंपाक करणाऱ्याला जागेवर धरून ठेवणारा कंबरपट्टा पुष्कळ जण लावतात. मी तो मुद्दाम लावला नाही. उकळते भांडे उलटले तर क्षणात बाजूला होता आले पाहिजे, आणि सेंटॉरची केबिन इतकी अरुंद आहे की पाठ टेकायला आधार मिळतोच.

ओट्याचे कुजलेले प्लायवूड काढून मरीन प्लायवूड घातले आणि त्याच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे थर दिले, कारण पाणी कडांतूनच शिरते. कडेने सागाची उंच पट्टी आहे. कोपऱ्यांत तिच्यात फट ठेवली आहे, म्हणजे फडक्याने पुसताना कण अडकत नाहीत. सिंकखालचा पितळी सीकॉक, म्हणजे बोटीच्या अंगातल्या छिद्रावरची झडप, काढला तेव्हा धातू आतून गुलाबी पडलेला दिसला. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि उरतो तो ठिसूळ तांब्याचा सांगाडा, जो एका धक्क्याने तुटू शकतो. त्या जागी ब्राँझचा सीकॉक बसवला आणि तो तुटलाच तर छिद्र बंद करायला त्याच्याच शेजारी दोरीने लाकडी बूच बांधून ठेवले. पाण्यासाठी पायाने दाबायचा पंप कायम ठेवला. दोन्ही हात मोकळे राहतात आणि साठ्यातले गोडे पाणी जपून वापरले जाते.

आपल्या घरातला प्रेशर कुकर बोटीवर फार उपयोगी पडतो, कारण त्याचे झाकण कुलुपासारखे बसते आणि भांडे आडवे झाले तरी आतली डाळ बाहेर येत नाही. फोडणी मात्र बोट नांगरावर उभी असतानाच करायची, केबिनच्या छताचे झाकण उघडे ठेवून. तापलेले तेल चालत्या बोटीत नको. आग विझवण्याचे कापड शेगडीच्या वर नव्हे, तर जिन्याजवळ टांगले आहे, म्हणजे ते घेण्यासाठी ज्वाळांवरून हात न्यावा लागणार नाही.

बर्फाच्या पेटीचे अस्तर जुन्या बोटींत बहुधा पातळच असते. आमच्या पेटीभोवती आता ७५ मिलिमीटर जाडीचा बंद पेशींचा फोम आहे, सांधे ओल शिरू नये असे बंद केले आहेत, आणि वितळलेले पाणी बिल्जमध्ये न जाता एका बाटलीत जमते. बारा व्होल्टचा फ्रिज घेतला नाही. त्यासाठी आणखी बॅटऱ्या आणि सौर पॅनेल लागले असते, आणि शनिवार-रविवारच्या सफरीला एवढा बर्फ पुरतो.