जिओकॅशिंगचा डेटा रेंज नसलेल्या रानात कसा न्यायचा – माझा अनुभव

ज्यांना जिओकॅशिंग माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतं, तिचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) geocaching.com या साइटवर टाकतं, बाकीच्यांनी जीपीएस घेऊन ती हुडकायची, आतल्या छोट्या वहीत नाव लिहायचं, डबी होती तशी ठेवायची आणि साइटवर लॉग, म्हणजे सापडली की नाही याची नोंद, टाकायचा. बास, एवढंच. आम्ही स्टुटगार्टला राहतो आणि जर्मनीत या खेळाचं वेड जबरदस्त आहे, अमेरिकेच्या खालोखाल इथेच सगळ्यात जास्त डब्या आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारी पोरीला घेऊन बाहेर पडायला हे निमित्त एकदम भारी.

प्रॉब्लेम एकच. शहरात मोबाइलवर सगळं मस्त चालतं, पण इथून तासाभरावर श्वेबिशे आल्ब म्हणून डोंगर आहेत, बाड उराखच्या धबधब्याकडची दरी वगैरे, तिथे झाडीत शिरलं की रेंज गायब. अ‍ॅपमधला नकाशा करडा होतो, डबीचं वर्णन उघडत नाही, हिंट उघडत नाही, आणि पोरगी विचारते "आई, आता कुठे?" म्हणून मग मी हा ऑफलाइनचा विषय नीट मनावर घेतला. मराठीत यावर कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा सगळा पसारा मांडतेय.

ऑफिसमधला एक जर्मन सहकारी या खेळात मुरलेला आहे, त्याने पहिल्यांदा पॉकेट क्वेरी हा प्रकार दाखवला. हे प्रीमियम मेंबरलाच मिळतं, वर्षाला साधारण तीस-चाळीस युरो जातात, आणि माझ्या मते पैसे द्यायचं खरं कारण हेच आहे, बाकी प्रीमियमच्या गोष्टी ठीकठाक. साइटवर एक लांबलचक फॉर्म येतो, त्यात सांगायचं की या ठिकाणाभोवती एवढ्या किलोमीटरमध्ये, मला न सापडलेल्या, चालू स्थितीतल्या, अमुक प्रकारच्या डब्या हव्यात. मग ती क्वेरी तिकडे त्यांच्या सर्व्हरवर चालते आणि थोड्या वेळाने झिप फाइल तयार झाल्याचा मेल येतो. फाइल आठवडाभर तिथे राहते, मग उडते. क्वेरी कुठल्या वारी चालवायची तेही फॉर्मात टिक करायचं असतं, पण तो वार सिएटलच्या घड्याळाचा, कारण कंपनी तिकडची. इथे जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिथे नवा दिवस लागतो. त्यामुळे शनिवारी भल्या पहाटे निघायचं असेल तर शनिवारवर टिक करून काही उपयोग नाही, गुरुवार किंवा शुक्रवार धरायचा.

आता मर्यादा बघा. एका क्वेरीत जास्तीत जास्त १००० डब्या आणि दिवसाला १० क्वेऱ्या. ऐकायला हजार खूप वाटतात, पण स्टुटगार्ट मध्यभागी धरलं तर पंधरा-वीस किलोमीटरच्या आतच हजार संपतात आणि आल्बचे डोंगर बाहेरच राहतात. यावर सगळे जुने लोक एकच युक्ती वापरतात, ती म्हणजे तारखेने तुकडे पाडायचे. त्रिज्या मोठी ठेवायची, पण पहिल्या क्वेरीत २००० पासून अमुक तारखेपर्यंत लपवलेल्या डब्या, दुसरीत तिथून पुढच्या, असं करत करत प्रत्येक तुकडा हजाराच्या जरासा खाली बसवायचा. प्रिव्ह्यूमध्ये आकडा दिसतो, तो बघत बघत तारखा पुढे-मागे सरकवायच्या. हे एकदाच नीट जमवलं की मग जुन्या तुकड्यांना फारसा हात लावावा लागत नाही कारण २००८ सालात आता काही नवीन डब्या यायच्या नाहीत, उलट त्यातल्या बंद पडून आकडा कमीच होणार, वाढतो तो फक्त शेवटचा तुकडा. मला हे करायला चक्क मजा आली, नवरा म्हणाला तू डब्या शोधण्यापेक्षा डब्यांची यादी करण्यातच जास्त रमतेस.

झिप उघडली की आत दोन जीपीएक्स फाइल असतात (जीपीएसची माहिती ठेवायचा हा फाइलचा प्रकार). एक मुख्य आणि दुसरी वेपॉइंट्सची, म्हणजे पार्किंग कुठे, पायवाट कुठे सुरू होते, मल्टी म्हणजे अनेक टप्प्यांच्या डबीत पुढचे टप्पे कुठले, ते सगळं त्यात. बरेच लोक ही दुसरी फाइल घ्यायची सोडतात आणि मग डबीपर्यंत सरळ रेषेत झुडपातून जातात, पार्किंगचा पॉइंट असता तर छान रस्ता मिळाला असता. मी मुख्य फाइल एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघितली, ज्यांना असल्या गोष्टींची आवड आहे त्यांनी नक्की बघा. प्रत्येक डबीचा जीसीने सुरू होणारा कोड, लपवल्याची तारीख, अवघडपणा आणि वाटेचा दर्जा १ ते ५ मध्ये, पूर्ण वर्णन, हिंट, आणि शेवटचे पाच लॉग. साइटवर हिंट तेरा अक्षरं सरकवून कोड केलेली असते ना, चुकून वाचली जाऊ नये म्हणून, ती फाइलमध्ये सरळ वाचता येते. आणि ते पाच लॉग मला सगळ्यात जास्त कामाचे वाटतात. पाचपैकी चार जणांनी सापडली नाही लिहिलं असेल तर त्या डबीसाठी पोरीला चढ चढवायचा नाही, सरळ पुढची बघायची.

फोटो मात्र जीपीएक्समध्ये येत नाहीत, नुसत्या त्यांच्या लिंका येतात. जिथे मालकाने झाडाचा फोटो देऊन "या बुंध्याकडे बघा" लिहिलंय तिथे रेंज नसली की संपलं. याचं उत्तर मला सी-जिओमध्ये मिळालं. हे अँड्रॉइडवरचं फुकट, ओपन सोर्स अ‍ॅप आहे. त्यात डबी 'स्टोअर' केली की वर्णनातली चित्रंसुद्धा फोनमध्ये उतरवता येतात, पॉकेट क्वेरीही थेट त्यातूनच ओढता येते, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर बनलेले ऑफलाइन नकाशे अ‍ॅपमधूनच डाउनलोड होतात. हा नकाशाचा मुद्दा लोक विसरतात. डब्यांचा डेटा फोनमध्ये आहे पण मागे नकाशाच नाही, तर पांढऱ्या पडद्यावर नुसते हिरवे-निळे ठिपके बघत बसावं लागतं, मधे नदी आहे का कडा आहे काही कळत नाही. ओपनअँड्रोमॅप्सच्या नकाशात पायवाटा आणि उंचीच्या रेषाही असतात, डोंगरात तोच घ्यावा.

आता जीसॅकबद्दल. हा विंडोजवरचा जुना प्रोग्रॅम, आधी विकत मिळायचा, आता फुकट आहे. दिसायला अगदी जुनाट, ऑफिसातल्या एखाद्या विसरलेल्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरसारखा, पण कामाला तोड नाही. सगळ्या क्वेऱ्यांच्या झिप त्यात एकावर एक ओतायच्या, तो आपोआप जुळवून एकच डेटाबेस करतो, जुने लॉगही जपून ठेवतो, म्हणजे पाचाच्या जागी हळूहळू खूप लॉग जमतात. मग फिल्टर लावायचे, पोरीसाठी सोप्या वाटेच्या, गाडी लावायच्या जागेजवळच्या, अलीकडे कुणालातरी सापडलेल्या, असं काहीही.

पण इथेच खरी गोम आहे. डबी कायमची बंद झाली, म्हणजे आर्काइव्ह झाली, की ती पॉकेट क्वेरीत येणंच थांबतं. ती बंद झाली असं सांगणारं काहीच येत नाही, ती फक्त येत नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये मात्र ती जुन्या माहितीनिशी ठणठणीत जिवंत असते. म्हणून जीसॅकमध्ये 'लास्ट जीपीएक्स' नावाचा कॉलम आहे, ही डबी शेवटची कुठल्या तारखेच्या फाइलमध्ये आली ते त्यात दिसतं. सगळ्या क्वेऱ्या ताज्या घालून झाल्या की या कॉलमवर सॉर्ट करायचं आणि जुन्या तारखेला अडकलेल्या डब्या बाजूला काढून साइटवर तपासायच्या. माझ्या यादीत पहिल्या वेळी अशा कितीतरी निघाल्या. ऑफलाइन डेटा जमवणं सोपं आहे हो, तो शिळा झालाय हे ओळखायला यंत्रणा लागते, आणि मला विचाराल तर जीसॅक ठेवायचं कारण हा एक कॉलम आहे.

मिस्ट्री डब्यांचं वेगळं. त्यांचे दिलेले कोऑर्डिनेट्स खोटे असतात, घरी कोडं सोडवून खरे काढायचे. ते खरे आकडे मी आधी वहीत लिहायचे, आता साइटवर त्या डबीच्या पानावरच दुरुस्त करून टाकते, मग पुढच्या क्वेरीत ती डबी आपोआप खऱ्या जागी येते, फोनवर पण आणि जीपीएसवर पण. आकडे टाकताना फॉरमॅट बघा. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं चालतात, गूगल मॅप्स सरळ दशांश अंश दाखवतो, ४८° ४६ मिनिटं आणि ४८.४६ अंश यात काही दहा-वीस मीटरचा फरक नाही, तीसेक किलोमीटरचा आहे. मिनिटांच्या तिसऱ्या दशांशापर्यंत लिहिलं की उत्तर-दक्षिण दिशेत १.८५ मीटरची पायरी मिळते, तेवढं भरपूर झालं. या सगळ्या भानगडीची सुरुवात बघितली तर गंमत वाटते. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक बंद केली, लगेच ३ मे ला डेव्ह अल्मरने ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि न्यूजग्रुपवर, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चागटावर, टाकलं, एन ४५° १७.४६०, डब्ल्यू १२२° २४.८००. त्या वेळी खेळाचा अख्खा डेटा एका ओळीत मावत होता!

आमच्याकडे गार्मिनचं ईट्रेक्स हे हातात धरायचं जीपीएस यंत्रपण आहे. त्याला केबलने जोडलं की पेनड्राइव्हसारखं दिसतं, गार्मिन फोल्डरच्या आत जीपीएक्स फोल्डर, त्यात फाइल टाकायची, झालं. पावसात, थंडीत हातमोजे घालून बटणं दाबता येतात, आणि दोन सेलवर दिवसभर सहज चालतं, म्हणून मोठ्या ट्रेकला तेच नेते. सापडली असं त्यावर नोंदवलं की ते जिओकॅश व्हिजिट्स नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये एकेक ओळ लिहीत जातं, डबीचा कोड, वेळ, सापडली की नाही. घरी येऊन ती फाइल साइटच्या ड्राफ्ट्समध्ये अपलोड करायची आणि एकेक लॉग सावकाश लिहायचा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तेव्हा रात्री उशिरा सापडलेल्या डबीची तारीख एकदा बघून घ्या.

अ‍ॅडव्हेंचर लॅब, म्हणजे डबीऐवजी जागोजागी जाऊन प्रश्नांची उत्तरं द्यायचा प्रकार, मात्र या कशातच बसत नाहीत. त्या क्वेरीत येत नाहीत, त्यांचं वेगळं अ‍ॅप आहे आणि प्रत्येक टप्प्यावर उत्तर द्यायला नेट लागतं, त्यामुळे त्या शहरातच करायच्या.

मागच्या सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा हे सगळं तिथे करून बघितलं. ईट्रेक्स जर्मनीतच ठेवलं. २०२४ च्या शेवटी गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना गार्मिनच्या यंत्रांवरून अडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याकडे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी यंत्रं परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि माझं ईट्रेक्स फक्त सिग्नल घेतं, पाठवत काही नाही, हे मला माहीत असलं तरी सिक्युरिटीच्या रांगेत, पोरगी पेंगलेली असताना, ते कोण समजावत बसणार. मग फोनवरच सगळं. पुणे मध्यभागी धरून चारशे किलोमीटरची क्वेरी टाकली, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा सगळं आत, आणि आकडा हजाराच्या जवळपासही गेला नाही. तारखेचे तुकडे नाहीत, काही नाही, एक झिप आणि काम खलास. नकाशा मात्र आधीच जर्मनीत वायफायवर उतरवून घेतला, भारताची फाइल मोठी आहे.

तिथे पाच लॉगचं महत्त्व आणखी कळलं. स्टुटगार्टला पाच लॉग म्हणजे मागचे दोन-तीन आठवडे, आपल्याकडे काही डब्यांचे पाच लॉग म्हणजे कित्येक वर्षं. मधे पावसाळे गेलेले, झाड पडलेलं, भिंत नव्याने बांधलेली, रस्ता रुंद झालेला. म्हणून तिथे मी फिल्टर उलटा लावला, अवघडपणा नाही बघितला, शेवटची सापडल्याची तारीख बघितली. वेल्ह्याकडे जाताना रेंज येत-जात होती, सी-जिओवर नकाशा, हिंट, फोटो सगळं व्यवस्थित उघडत होतं. सासरे बरोबर होते, मी दगडांमध्ये हात घालून शोधतेय हे बघून म्हणाले, "अगं, याचे कुणी पैसे देतं का तुम्हाला?" म्हटलं, "नाही बाबा, उलट आम्हीच भरतो." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढची डबी त्यांनीच शोधली, आणि वहीत मोडीसारख्या वळणाची सही ठोकली.

लॉग सगळे सी-जिओमध्ये ऑफलाइन साठवले आणि घरी वायफायला आल्यावर पाठवले. आणि एक, सी-जिओमधल्या याद्या, ऑफलाइन लॉग, स्वतःच्या नोंदी फोनमध्येच असतात, साइटवर नसतात. अ‍ॅपमध्येच बॅकअपची सोय आहे, ती फाइल अधूनमधून कंप्युटरवर कॉपी करून ठेवत जा. मी दर महिन्याला साइटवरून 'माय फाइंड्स'ची क्वेरीपण काढते, तिला हजाराची अट नाही, आपण शोधलेल्या सगळ्या डब्या आणि त्यावरचे आपले लॉग एका फाइलमध्ये येतात (लॅब सोडून), फक्त ती रोज मागता येत नाही, मधे काही दिवस जावे लागतात. पुण्याची क्वेरी कुठल्याच वारावर टिक न करता तशीच ठेवलीय, पुढच्या वेळी निघायच्या दोन दिवस आधी चालवेन. आयफोनवर ऑफलाइनसाठी कॅशली वापरतात असं दिसतं, पण तो मी हाताळलेला नाही, कुणी वापरत असेल तर सांगा.