अमेरिकेची खिडकी अबू धाबीत

आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडायचं, तेही एकटीनं आणि एकदम अमेरिकेला. मुलगी शिकागोजवळ राहते, तिचं पहिलंच बाळंतपण. निघायच्या आधी आमच्या सांगलीच्या घरी जो येईल तो इमिग्रेशनचाच विषय काढायचा. कुणाच्या मावशीला म्हणे तासभर बसवून ठेवलं, कुणाच्या सासऱ्यांना तिथूनच परत पाठवलं. सांगणाऱ्यांपैकी एकही जण स्वतः त्या खिडकीपुढे उभा राहिलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आणि माझ्या बाबतीत ती खिडकी शिकागोत नव्हतीच. विमान अबू धाबीमार्गे होतं. तिथल्या विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेनं आपले अधिकारी बसवले आहेत. पासपोर्ट, बोटांचे ठसे, सामानाची चौकशी, सगळं तिथंच उरकतं. अमेरिकेत उतरलं की मुंबईहून नागपूरला गेल्यासारखं पट्ट्यावरची बॅग उचलायची आणि बाहेर पडायचं. याला प्रीक्लिअरन्स म्हणतात. कॅनडा, आयर्लंड अशा मोजक्या देशांत ही सोय आहे, आशियात फक्त अबू धाबीला. जावयांनी मुद्दाम हाच मार्ग घेतला. म्हणाले, ‘आई, काही अडलंच तर घरापासून तीन तासांवर अडेल.’ हे ऐकून धीर यावा की धडकी भरावी, मला कळेना.

खरी डोकेदुखी सामान भरताना झाली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचे, आणि आमच्याकडे डिंकाच्या लाडवात खसखस असतेच. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, ती जवळ सापडल्यामुळे लोक तुरुंगात गेलेले आहेत. आपण नुसतं विमान बदलणार असलो तरी ही जोखीम कशाला घ्यायची? जाऊबाईंना हे काही केल्या पटेना. ‘खसखशीशिवाय कसले लाडू,’ असं पुटपुटतच त्यांनी बिनखसखशीचे वळून दिले. कढीपत्ताही राहिला. ताजा कढीपत्ता अमेरिकेत चालत नाही, कारण लिंबू-संत्र्याच्या झाडांना लागणारी कीड त्याच्यावरून पसरते. ताजी फळं आणि मांस यांचं नावच नको. आंब्याचे दिवस होते, पण अमेरिकेला जाणारा आपला आंबा विकिरण करून, ठरलेल्या केंद्रांतूनच जातो. पिशवीतून नेलेला हापूस कचऱ्याच्या डब्यात जातो. ज्यांनी रडत रडत तो टाकलाय, त्यांना विचारा.

मुंबईत फारसं काही झालं नाही. आपल्या लोकांना बाहेर जाताना पूर्वी एक कार्ड भरून द्यावं लागायचं, ते २०१७ मध्येच बंद झालं. खिडकीतल्या बाईंनी व्हिसा पाहिला, ‘मुलीकडे का?’ म्हणून मराठीतच विचारलं आणि शिक्का मारला.

अबू धाबीला उतरल्यावर मात्र चालणं बरंच. अमेरिकेच्या विमानांसाठी वेगळी वाट आहे, तसे फलक जागोजागी आहेत. त्या वाटेवर सुरक्षा तपासणी पुन्हा होते, त्यामुळे मुंबईत तपासणीनंतर घेतलेली पाण्याची बाटलीसुद्धा इथं सोडावी लागते. गुडघे दुखत असतील त्यांनी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवावी. पण रांग चुकवायला म्हणून व्हीलचेअरवर बसणारे आणि विमानाचं दार दिसताच टुणकन उठणारेही आमच्याच विमानात होते. त्यांच्यापायी खऱ्या गरजूंना ताटकळावं लागतं, याचा मला राग आला, अजूनही येतो.

मग ती रांग. निळ्या गणवेशातले, दंडावर अमेरिकेचा झेंडा लावलेले अधिकारी. माझ्यापुढे नाशिककडचं एक जोडपं होतं. काकांनी खिडकीशी पोचताच फाइल उघडली आणि कुणी न मागता एकेक कागद पुढे सरकवायला लागले: मुदत ठेवीच्या पावत्या, घराची कागदपत्रं, चक्क सातबारा. अधिकाऱ्यानं विचारलं होतं एवढंच, की कुठे राहणार. काका मुलाच्या शिक्षणापासून सुरू झाले. शेवटी त्यानं हात वर करून थांबवलं आणि हिंदी जाणणाऱ्या एका कर्मचाऱ्याला बोलावलं. तिनं काकांना हळूच सांगितलं, ‘अंकल, जितना पूछें उतना ही.’ त्यानंतर दोन मिनिटांत दोघंही पार.

आपल्याला सवयच असते मुळापासून सांगायची. पाहुण्यांत ती खपते. या माणसाला मात्र दिवसभर शेकडो पासपोर्ट बघायचे असतात, त्याला प्रश्नापुरतं उत्तर हवं असतं. मी शाळेत मराठी शिकवायचे, इंग्रजी कामापुरतं येतं. पण लहान उत्तरांना इंग्रजीही लहानच पुरतं.

‘कशासाठी जाताय?’
‘मुलीला भेटायला.’
‘किती दिवस?’
परतीची तारीख सांगितली.
‘मुलगी काय करते?’
‘सॉफ्टवेअर इंजिनिअर.’
‘आत्ताच का जाताय?’

इथं मात्र छातीत धस्स झालं. बाळंतपणाला जाते असं अजिबात म्हणू नकोस, बाळ सांभाळायला निघालीस म्हणजे काम करायला निघालीस असा अर्थ काढतात, असं मला अनेकांनी बजावलं होतं. भेटीच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही हे खरंच आहे. पण स्वतःच्या नातवाला भेटायला जाणं लपवण्यासारखं काय आहे? शिवाय मुलीचं पोट काही लपणार नव्हतं. मी म्हटलं, ‘पुढच्या महिन्यात तिला बाळ होणार आहे.’

‘तुम्ही तिथे नोकरी करणार?’
‘नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे, पेन्शन मिळते.’

मग ठसे. आधी उजव्या हाताची चार बोटं, मग अंगठा, मग डावा हात. वर्षानुवर्षं खडू आणि भांडी, बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या; यंत्र घेईना. त्यानं मला तळहात कपाळाला घासून पुन्हा ठेवायला सांगितलं. तेलकटपणा लागला की ठसा उमटतो. हा उपाय त्या गोऱ्या साहेबाकडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मग कॅमेऱ्यात फोटो.

त्यानं पडद्यावर माझ्या बॅगांचे फोटो दाखवले. दोन्हींना लाल रिबिनी बांधल्या होत्या, लगेच ओळखल्या. खायचं काय आहे, असं विचारल्यावर मी लाडू, शेंगदाण्याची चटणी, पापड, मसाला, सगळं सांगून टाकलं. इथं मात्र थोडक्यात सांगायचं नसतं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर दंड होतो. लाडू कशाचे, हेही त्यानं विचारलं. पीठ, खोबरं, खारीक, बदाम. मांस, फळं, बिया? नाही. रोख दहा हजार डॉलरपेक्षा जास्त? मला हसूच आलं, तोही हसला. ‘अभिनंदन, आजी,’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्यानं पासपोर्ट परत दिला.

शिकागोला उतरल्यावर बॅगा घेऊन मी बाहेर आले तेव्हा मुलगी अजून पार्किंगमध्येच होती. इतक्या लवकर बाहेर येईन असं तिला वाटलं नव्हतं.

घरी पोचल्यावर तिनं आधी काय केलं असेल, तर अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर पासपोर्टचा नंबर टाकून माझा आय-९४ काढला. हा कागद आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका भेटीत किती राहायचं ते खिडकीतला अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ वर असते. पर्यटक व्हिसावर बहुतेकांना सहा महिने मिळतात, मलाही तेवढेच मिळाले. नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, तेही तिनं ताडून पाहिलं. मुक्काम वाढवायचा झाला तर ती तारीख उलटायच्या आत आय-५३९ नावाचा अर्ज करावा लागतो. जावयांनी तो विषय जेवताना काढला, पण मी परतीचं तिकीट दाखवून तिथंच मिटवला. सांगलीत घर बंद आहे आणि कुंड्यांना पाणी घालायला जाऊबाईंना सांगितलंय, त्या आधीच खसखशीवरून रागावलेल्या.