अखेर अप-ग्रेड पडला!

पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये सलग सात दिवस रोज एक पोकेस्टॉप (नकाशावरचं वस्तू देणारं ठिकाण) फिरवला की सातव्या दिवशी पोकेमॉनचं रूप बदलायची, म्हणजे इव्हॉल्व्ह करायची, एक वस्तू मिळते. आज पहाटे साडेपाचला नागपूरच्या फुटाळा तलावावर सातव्या दिवसाचा स्टॉप फिरवला आणि मला हवी असलेली वस्तू, अप-ग्रेड, पडली! तिथल्या तिथे २५ कँडी (त्या-त्या पोकेमॉनसाठी जमवायचे गुण) घालून पोरीगॉन या पोकेमॉनचा पोरीगॉन२ केला. मागच्या पोस्टमधला तोच १५/१४/१५ आयव्हीवाला (आयव्ही म्हणजे पोकेमॉनच्या अंगभूत ताकदीचे तीन आकडे, प्रत्येकी १५ पैकी).

आधीच्या सात आठवड्यांत दुसऱ्याच वस्तू मिळाल्या: तीन किंग्ज रॉक, दोन सन स्टोन, एक मेटल कोट, एक ड्रॅगन स्केल. स्केल वापरून सीड्राचा किंग्ड्रा झाला, त्याचा आनंद आहेच. पण आठव्या आठवड्यानं फार छळलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी वादळ, लाइट गेलेली, फोन ३ टक्क्यांवर. पॉवरबँक कशीबशी चार्ज करून अकरा चाळीसला कोपऱ्यावरच्या मंदिराच्या स्टॉपवर पोचलो, तर नेटवर्क गुल. लोडिंगचा पांढरा पोकेबॉल नुसता फिरतोय. स्टॉप फिरला तेव्हा बारा वाजून एक मिनिट झालं होतं. पाच दिवसांचे खूण झालेले चौकोन पुसले आणि पुन्हा पहिला दिवस. त्या रात्री झोप आली नाही. आता रोजचा पहिला स्पिन सकाळी चहाच्या आधी. तसंही मे महिन्यात दुपारी फोन तापून स्क्रीन मंद होते.

धरमपेठच्या भावाकडे दोन अप-ग्रेड पडून आहेत, पण वस्तू ट्रेड होत नाहीत. त्यानं आपला पोरीगॉन२ देऊ केला. मोठ्या मनाचा माणूस! पण ट्रेडमध्ये आयव्ही बदलतात, मला माझाच ९८ टक्केवाला हवा होता.

पॉवरबँक कोणती घ्यावी, असं विचारलं होतं कुणीतरी: १०,००० एमएएचवालीच घ्या. २०,००० वाली घेऊन अंबाझरीला चक्कर मारली की खिसा फाटतो.

आता सिनो स्टोन (इव्हॉल्व्ह करायची आणखी एक वस्तू) लावून आणखी १०० कँडीत पोरीगॉन२ चा पोरीगॉन-झेड करणार होतो, कँडीही आहे. पण हे लिहितानाच हात थांबला. आज इव्हॉल्व्ह केला तर ट्राय अटॅक हा त्याचा खास हल्ला मिळणार नाही. २०२० च्या सप्टेंबरच्या कम्युनिटी डेला (गेममधला खास कार्यक्रमाचा दिवस) तो मिळत होता, आता वर एलिट टीएम, म्हणजे हवा तो हल्ला शिकवणारी दुर्मीळ वस्तू, खर्च करावा लागेल. ट्राय अटॅकशिवाय झेड मला नकोच. मग स्टोन माझ्या दुसऱ्या पोकेमॉनला, टोगेटिकला, लावतो. टोगेकिससाठीही १००च कँडी लागतात, माझ्याकडे ६३ आहेत. म्हणून आजपासून बडी टोगेटिक, म्हणजे त्याला सोबत घेऊन चाललं की त्याची कँडी मिळेल. संध्याकाळी ऊन उतरलं की सेमिनरी हिल्सला निघतो, कुणी येताय का?