दिसतंय ते नव्हे, लागतंय ते कॉपी व्हायला पाहिजे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचा बिलांचा प्रोग्राम सध्या माझ्याकडं आहे. त्यातला सगळ्यात लहान भाग म्हणजे कॉपीचं बटण. एकावर एक दोन कागद असलेलं चिन्ह, दाबलं की मजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं पेस्ट करेपर्यंत जिथं राहतं तिथं. यात काय लिहायचं, असं वाटेल. खरं ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी नंबर, ६४ अक्षरांचा असतो, तो एकदा हातानं टाइप करून बघा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढं दहा अक्षरांचा पॅन. बेळगावची पार्टी असली तर २९, कोल्हापूरची असली तर २७. आमच्याकडं रोज दोन्ही येतात, त्यामुळं हा नंबर डोळ्यांनी बघून टाइप करायची पाळी कुणावर येऊ नये, एवढंच या बटणाचं काम.

या ऑफिसात अकौंट बघणारे काका स्क्रीन मराठीत ठेवतात, स्टोअरचे अण्णा कन्नडमध्ये. बिल एकच. ब्राउझरला 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) सांगून आकडा मांडायला लावला की तो देवनागरीत येतो: १,४५,०००. 'केएन-आयएन' (कन्नड, भारत) सांगितलं तर कन्नड आकडे येतील असं वाटतं, पण येतात ते इंग्रजी. म्हणजे बटणानं स्क्रीनवरचा मजकूर जसाच्या तसा उचलला, तर काकांच्या क्लिपबोर्डवर एक आणि अण्णांच्या क्लिपबोर्डवर दुसरंच. वर दोघांच्याही आकड्यात स्वल्पविराम. वेब फॉर्मचा आकड्यांचा रकाना देवनागरी आकडे घेत नाही आणि स्वल्पविरामही घेत नाही.

म्हणून माझ्या कंपोनेंटला, म्हणजे प्रोग्रामातल्या या बटणाच्या तुकड्याला, दोन गोष्टी वेगळ्या द्याव्या लागतात, दाखवायचा मजकूर आणि कॉपी करायची किंमत (पैशांची नव्हे, क्लिपबोर्डवर जायची ती व्हॅल्यू). रक्कम दिसताना रुपयाच्या चिन्हासकट, कॉपी होताना नुसते इंग्रजी आकडे. बँकेचा खाते नंबर वाचायला सोपा म्हणून चार-चार आकड्यांत तोडलेला, कॉपी होताना सलग. किंमत दिली नाही तर कंपोनेंट चालतच नाही, एरर देतो. मुद्दामच तसं ठेवलंय. "नसेल तर दिसतंय ते घे" अशी सोय ठेवली की पुढचा माणूस तीच वापरणार.

आता प्रत्यक्ष कॉपी. ब्राउझरचं नवं क्लिपबोर्ड एपीआय, म्हणजे प्रोग्रामला कॉपी करू देणारी सोय, वापरायला सोपं, एका ओळीत काम होतं. पण ते फक्त एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) किंवा लोकलहोस्टवर (प्रोग्राम चालतो त्याच मशीनवर उघडला तर) मिळतं. फौंड्रीत प्रोग्राम ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर चालतो आणि बाकीचे १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता टाकून साध्या एचटीटीपीनं उघडतात. तिथं नॅव्हिगेटरमध्ये क्लिपबोर्ड नावाची गोष्टच नसते. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास आणि तिथं काका: "दाबलो की रे, खरं आलंय कुठं?"

एचटीटीपीएससाठी प्रत्येक मशीनवर सर्टिफिकेट बसवत हिंडण्यापेक्षा जुना मार्ग जोडला. टेक्स्टएरिया, म्हणजे मजकुराचा एक तात्पुरता चौकोन, तयार करायचा, त्यात किंमत घालायची, सिलेक्ट करायची, एक्झेककमांड या ब्राउझरच्या जुन्या आज्ञेला 'कॉपी' सांगायचं आणि टेक्स्टएरिया काढून टाकायचा. ही पद्धत बाद ठरवलीय म्हणतात, पण ब्राउझर अजून तिला चालवून घेतात. टेक्स्टएरिया रीडओन्ली (नुसता वाचण्यापुरता) ठेवायचा, नाहीतर मोबाइलवर कीबोर्ड उसळून वर येतो. काम झालं की फोकस परत बटणावर. आणि एक जागा अशी, जिथं हे सगळं करूनही हाताला काही लागत नाही: शोमोडल या आज्ञेनं उघडलेला डायलॉग, म्हणजे पानावर उघडणारी चौकट. तो उघडा असताना बाहेरचं पान निष्क्रिय असतं. बॉडीला, म्हणजे मागच्या पानाला, जोडलेल्या टेक्स्टएरियाला फोकस मिळत नाही, मग सिलेक्ट काय होणार? टेक्स्टएरिया डायलॉगच्या आतच जोडायचा, की काम होतं.

सफारी ब्राउझरची तऱ्हा निराळी. बटण दाबल्यावर आधी सर्व्हरवरून नंबर मागवून मग कॉपी करायला गेलं की ती नकार देऊ शकते, कारण तोवर माणसानं केलेल्या क्लिकचा हक्क संपलेला असतो. मी किंमत आधीच आणून ठेवतो.

'कॉपी झालं' हे शब्द खरोखर कॉपी झाल्यावरच दिसले पाहिजेत. बरीच बटणं क्लिक झाल्याझाल्या हिरवी होतात, मागं काहीही घडलेलं असो. बिलाच्या कामात हे फार वाईट, कारण क्लिपबोर्डवर आधीच्या पार्टीचा नंबर तसाच बसलेला असतो आणि तोच पेस्ट होतो. कॉपी जमलं नाही तर माझं बटण तसं सांगतं आणि किंमत सिलेक्ट करून समोर ठेवतं, कंट्रोल-सी दाबायला. हाच संदेश स्क्रीन रीडरसाठी (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी) स्टेटस रोल असलेल्या, म्हणजे बदल झाला की वाचला जाणाऱ्या, भागातही जातो. बटणाची रुंदी ठरवून टाकलीय, शब्द बदलले म्हणून शेजारचा रकाना सरकायला नको.

आता काकांना अख्खी ओळ एका दमात एक्सेलमध्ये पाहिजे. ते सोपं आहे, मधे टॅब घातले की रकाने आपोआप वेगळे पडतात. खाते नंबर मात्र तिथं गेल्यावर आकडा समजला जातो, सुरुवातीची शून्यं गळतात आणि १५ आकड्यांपुढचं शून्य होऊन बसतं. ते माझ्या बटणाच्या हातात नाही. तो रकाना आधी टेक्स्ट करून ठेवा म्हणून सांगितलंय. काका "बरं बरं" म्हणालेत.