मॅडम, तुमचा पांढरा कोट कुठे गेला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सांगलीत लहान मुलांचे दात बघायला लागून मला आता अठरा वर्षं होतील. नातवाला घेऊन आलेले आजोबा खुर्चीवर टेकायच्या आधी मला एकदा वरून खालपर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, ‘मॅडम, तुम्ही कोट नाही घालत?’ आवाजात जरा काळजी असते. डिग्री खरी आहे ना, अशी.

कोट आहे. आतल्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो.

दवाखाना काढला तेव्हा मी तो हौसेने सोडला होता. पांढऱ्या कपड्यांना मुलं घाबरतात, हे शिकताना डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात तथ्यही आहे. आपल्याकडे बाळाला जन्मल्याबरोबर टोचतात, मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी, मग नवव्या महिन्यात, पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास. बोलायला लागायच्या आत पोराने पांढऱ्या कपड्यातली माणसं आणि मांडीतली कळ यांची गाठ मारलेली असते. म्हणून मी माशांची नक्षी असलेला पिवळा कुर्ता शिवून घेतला. पहिल्याच आठवड्यात पाच वर्षांची एक मुलगी आली. माझ्याशी छान गप्पा मारल्या, शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवली, आणि दहा मिनिटांनी आईकडे वळून म्हणाली, ‘आई, खरे डॉक्टर कधी येणार?’

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की ती काही एकटी नव्हती. मुलांना वेगवेगळ्या पोशाखातल्या डॉक्टरांचे फोटो दाखवून ‘यातला कोण हवा?’ असं विचारणारे अभ्यास आपल्या देशातही झालेत. बरीच मुलं सरळ पांढऱ्या कोटावर बोट ठेवतात. आधीच धास्तावलेली मुलं मात्र रंगीत कपड्यांकडे झुकतात. म्हणजे एकच उत्तर नाही. शाळेत जाणारं, धीट पोर असेल तर मी कोट चढवते. आईच्या ओढणीत तोंड खुपसून आलेलं असेल तर कोट खुंटीवरच.

पण खरं सांगू? कोटाचं महत्त्व आपण उगाच वाढवून ठेवलंय. मास्क त्याहून वाईट. कोविडच्या काळात आम्ही पीपीई किट, वर फेस शिल्ड, अशा अवतारात काम करायचो. तेव्हा एका चार वर्षांच्या मुलाने मला अगदी गंभीरपणे विचारलं, ‘मावशी, तुला तोंड आहे?’ त्या प्रश्नाने माझी पद्धत बदलली. आता मी बाहेरच्या खोलीत जाते, मास्क न लावता. मुलाच्या डोळ्यांपेक्षा माझे डोळे खाली येतील अशा बुटक्या स्टुलावर बसते. मास्क चढवायचा तो त्याच्यासमोर, ‘आता माझं नाक लपणार’ असं सांगून.

भिंतींचंही तसंच. मी हजारो रुपये घालून समोरच्या भिंतीवर मगर रंगवून घेतली होती. हातात ब्रश, जबडा वासलेला, दोन रांगा दात. मोठ्यांना भारी आवडायची. अडीच-तीन वर्षांची मुलं मात्र दारातूनच मागे फिरायची, आणि मला वाटायचं, ती मला घाबरतात! दोन वर्षांनी अक्कल आली तेव्हा मगरीवर फिकट निळा रंग मारला.

खुर्चीची गोष्ट कुणी विचारत नाही, पण ती मोठी आहे. मूल बसल्यावर खुर्ची मागे झोपवली की त्याला आपण पडतोय असं वाटतं आणि ते दोन्ही हातांनी कडा पकडतं. म्हणून मी खुर्ची आधीच आडवी करून ठेवते. पलंगावर चढावं तसं मूल चढतं. डोळ्यांवर प्रकाश नको म्हणून काळा चष्मा देते, तो घातला की पोरं लगेच ऐटीत येतात. २००७ साली इस्रायलमधल्या अभ्यासकांनी मंद उजेड आणि शांत संगीताची खोली करून पाहिली होती. तिथे मुलं जास्त निवांत राहिली. मला एवढं जमत नाही. रस्त्यावरच्या वडापच्या गाड्यांचे हॉर्न कसे बंद करणार?

आणि एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र. मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेणारी ही वस्तू कुठल्याही कपड्यातल्या माणसाच्या हातात किंचाळणारच. त्यावर उपाय जुना आहे, अ‍ॅडलस्टन नावाच्या दंतवैद्यांनी १९५९ मध्ये मांडलेला: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. मी आधी त्याचं पाणी मुलाच्या तळहातावर उडवते. आवाज तोच, पण आता तो पिचकारीचा होतो.

एवढं सगळं करूनही काही मुलं रडतच आत येतात, कारण भीती घरूनच डब्यासारखी भरून दिलेली असते. ‘चॉकलेट खाल्लंस तर डॉक्टर सगळे दात उपटतील.’ किंवा प्रेमाने, ‘अजिबात दुखणार नाही हं बाळा.’ बाळाला तोवर दुखण्याचा विचारही शिवलेला नसतो. आयांनो, रागावू नका. मी माझ्या मुलाला हेच म्हणून बसले आहे. फक्त ‘डॉक्टर दात मोजणार आहेत’ एवढं सांगून आणा. दुधाचे दात वीसच असतात, मोजायला वेळ लागत नाही.

राहिला वास. दार उघडलं की जो ‘दवाखान्याचा वास’ येतो तो बहुतेक युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या मुख्य घटकाचा. दातात भरायच्या तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते असतं. कितीही उदबत्त्या लावा, जात नाही. मी नाद सोडला आणि टेबलावर लवंगांची डबी ठेवली. मूल नाक मुरडायला लागलं की एक लवंग त्याच्या हातावर ठेवते आणि विचारते, ‘हा वास आणखी कुठे येतो?’

परवा एकाने हुंगून हुंगून सांगितलं, ‘आज्जीच्या मसाल्याच्या डब्यात.’ मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. ‘तू पण आमटी करते इथे?’